हद्दीच्या दगडाखालची लाइन

तबेला गल्ली, खडकी, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. बडेमामू यांस,
अरफातचा सलाम. वि. वि.

पोचल्या पोचल्या पत्र टाकतो असं सांगून फलटणहून निघालो, त्याला तीन महिने झाले. टाळलं, कबूल आहे. पहिलं आंतरदेशीय खिशात धुतलं गेलं. दुसऱ्यावर सिताराखालाने शाळेच्या शर्टाची कॉलर आखली. कागद दिसला की ती कॉलर कापते, तुम्हाला आपल्या बहिणीची सवय माहीतच आहे. तिसरं मी आणलंच नाही, ती मात्र चूक माझी. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुमच्या लेकीने, मेहजबीनआपाने, मध्ये बसून निरोप सांगितलेले तुम्हाला खपत नाहीत, म्हणजे लिहिण्यावाचून सुटका नाही. दहावीला मराठीत सदतीस मार्क होते, तेवढ्यात भागवून घ्या.

माझं म्हणाल तर नाशिकला द्राक्षं पॅक केली, मग एका माणसाबरोबर गोव्याला गेलो. त्याच्याकडे बोलका पोपट होता, पण तो विषय नंतर. सध्या खालाकडे आहे. तिची काजं-बटणं करतो, गठ्ठे शाळेत पोचवतो, आणि ती मला फुकट्या म्हणते.

आता मुद्दा. आपल्या गल्लीच्या तोंडाशी हद्दीचा दगड आहे ना, ज्याच्या अलीकडे इकडच्या पाणीखात्याची हद्द आणि पलीकडे तिकडच्या, त्या दगडाच्या बुडातून गेले एकोणीस दिवस पाणी येतंय. सकाळी पाच ते नऊ धो धो, मग दिवसभर सुळसुळ. रस्त्याला उतार खालाच्या घराकडे, त्यामुळे सगळं पाणी तिच्या कोपऱ्यात जिरतं. समोरच्या खोलीच्या भिंतीला तडा गेलाय. आधी त्यात सुई जात होती, आता माझी करंगळी जाते. त्या खोलीत तिचं मशिन आहे, आणि मशिन दुसरीकडे ठेवायचं तर स्वयंपाकघरात चुलीवर ठेवावं लागेल.

इकडच्या ऑफिसात गेलो तर म्हणाले, पाणी पलीकडून येतंय, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, खड्डा अलीकडे आहे, इकडे जा. मग इकडचे एक तेजससाहेब आले, ज्युनिअर इंजिनिअर, माझ्याच वयाचे, बूट नवे. टेप लावून मोजलं. खड्डा वीतभर अलीकडे, वीतभर पलीकडे आणि मधोमध दगड. त्यांनी टेप गुंडाळला आणि म्हणाले, अवघड आहे. हे सांगायला टेप कशाला लागतो, असं वरच्या मजल्यावरच्या रावसाहेबांनी गॅलरीतून विचारलं. ते रिटायर्ड हेडक्लार्क, अर्ज तेच लिहितात, आतापर्यंत सात झाले.

मामू, एकतीस वर्षं तुम्ही या गल्लीत वॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून फिरलात. कुठल्या घराला किती वाजता पाणी, हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगाल. दगडाखाली कुणाची लाइन आहे, तेवढं कळवा. मी लिहितोय हे खालाला ठाऊक नाही. तुमचं नाव निघालं की ती मशिन जोरात चालवते.

लोभ चोवीस तास असू द्यावा, एक दिवसाआड नको.

आपला,
अरफात


फलटण
१० फेब्रुवारी २०२५

चि. अरफात यास मैनुद्दीनच्या अनेक दुआ.

पत्र पोचलं. शुद्धलेखन पाहून तुला सदतीस मार्क देणाऱ्या मास्तरांचा दिलदारपणा लक्षात आला. इकडे सर्व ठीक. मेहजबीन माझ्यावर ओरडते, मला ऐकू येत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

भिंतीचं आधी. तड्यावर आडवी कागदाची पट्टी खळीने चिकटव, आणि तिच्यावर तारीख घाल. पट्टी फाटली तर भिंत चालते आहे असं समज आणि त्याच दिवशी मशिन तिथून हलव. सिताराला विचारत बसू नकोस. ती नाही म्हणेल. तिला लहानपणापासून नाही म्हणायची हौस आहे.

पाणी कुठून येतं ते डोळ्यांना कळत नाही. एक लांब सळई घे. एक टोक रस्त्यावर टेकव, दुसरं कानामागच्या हाडाला लाव. धडधाकट नळातलं पाणी गुणगुणतं, फुटलेल्या नळातलं फुसफुसतं. पहाटे पाचला, रस्ता गप्प असताना ऐक. माझे कान गेल्यावर शेवटची काही वर्षं मी सळई दातांत धरत असे. दातांना ऐकू येतं. रिटायर होताना चावी जमा करून पोच घेतली, सळई माझी स्वतःची होती, ती इथे दाराआड उभी आहे.

कुणाची लाइन हे मला विचारू नकोस. ऑफिसात नकाशे असतात, ते बघण्यासाठीच असतात. आणि दगडापाशी स्वतः खोदायला जाऊ नकोस. हे दुसऱ्यांदा लिहिलं आहे असं समज.

पोपटाचं काय झालं?

माया आहे, ती न मागता मिळेल.

तुझा,
मैनुद्दीन


तबेला गल्ली
२० फेब्रुवारी

ती. बडेमामू यांस सलाम. वि. वि.

पोपट गोव्यातच राहिला. त्याला कोकणीतल्या शिव्याच येत होत्या, मालक म्हणाला पुण्यात त्याच्या शिव्या कुणाला कळणार नाहीत आणि तो दुःखी होईल. असो.

पट्टी लावली होती १४ तारखेला. १८ला फाटली. मशिन मी उचललं, खालाने मला कात्री दाखवली, मी तरी उचललं. आता ती स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून शिवते, आणि शर्टांना फोडणीचा वास येतो अशी शाळेतून तक्रार आली आहे. तिने त्यांना कळवलं की भिंत तुम्ही दुरुस्त करा, वास मी बंद करते.

गल्ली आता ऐकत नाही, मामू. रावसाहेबांनी दगडावर पाटी लावली आहे, की येथे पाणी सापडले आहे, मालकाने ओळख पटवून घेऊन जावे. गंमत पुढेच आहे. सात अर्जांना उत्तर नाही, पण पाटीबद्दल दोन्ही ऑफिसांच्या नोटिसा दोन दिवसांत आल्या. आमच्या हद्दीत विनापरवाना फलक लावला म्हणून. खड्डा कुणाचाच नाही, पाटी मात्र दोघांची! रावसाहेबांनी दोन्ही नोटिसा फोटोकॉपी करून पाटीखाली चिकटवल्या. मी खड्ड्याशेजारी खाट टाकली आहे, गल्लीतलं कुणी ना कुणी तिच्यावर बसलेलं असतं. उठणार नाही म्हणून सांगितलंय.

आता सळईचं. पाच पहाटे ऐकल्या. पहिल्यांदा माझ्याच पोटाचा आवाज ऐकला. चौथ्या दिवशी कळलं. फुसफुस रस्त्याच्या लांबीने जात नाही, आडवी जाते. दगडाच्या बरोबर खालून, पलीकडच्या अकरा खोल्यांच्या चाळीकडे. ही लाइन इकडच्या नकाशात नाही आणि तिकडच्याही नाही, तेजससाहेबांनी दोन्ही नकाशे माझ्यासमोर बोट फिरवून बघितले. मला वाटलं, झालं काम. झालं उलटंच. ते म्हणाले, नोंद नसलेली लाइन दुरुस्त करता येत नाही, ती फक्त बंद करता येते. बुधवारी ५ मार्चला गँग येईल, टोपण बसवेल, तासाभरात गळती संपेल.

गळती संपेल आणि अकरा घरांचं पाणीही संपेल.

चाळीतल्या वेणूबाई रस्ता ओलांडून आल्या. यवतमाळकडच्या, केस पिकलेले, आवाज मात्र पिकलेला नाही. त्यांनी तेजससाहेबांना विचारलं, बाप्पा, या बुढीले आता पुन्हा कळशी घ्याले लावता काय? साहेबांनी बुटांकडे बघितलं. मग खाला ओल्या अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली की भिंत माझी आहे, पडली तर मी बघून घेईन, पण तिच्या नावावर कुणाचा नळ तोडला तर आधी मला तोडा. ती असं बोलते हे मला माहीत नव्हतं. तिलाही नसावं.

तेजससाहेब माणूस वाईट नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, ही लाइन खात्याच्या माणसाने टाकली असं त्या वेळच्या कुणी कर्मचाऱ्याने लिहून दिलं, तर मी तिची नोंद करून घेईन, मग दुरुस्ती माझी. पण बुधवारच्या आत.

वेणूबाईंना विचारलं, कुणी टाकली? नाव ठाऊक नाही म्हणाल्या. खांद्यावर माणसाएवढी चावी होती आणि नाक असं असं होतं. असं म्हणून त्यांनी माझ्या नाकाकडे बोट केलं.

मामू, खालाच्या मुलीचं, अफशीनचं लग्न झालं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पाहुणे दारात, टाकी रिकामी, आणि खालाने तुम्हाला अर्धा तास आधी पाणी सोडायला सांगितलं होतं. तुम्ही साडेपाच म्हणजे साडेपाच म्हणालात. तिने टँकर मागवला आणि तुमच्याशी बोलणं सोडलं. नऊ वर्षं झाली. मी तेव्हा तुमच्या बाजूने होतो, कारण नियम म्हणजे नियम. आता सांगा, मी कुणाच्या बाजूने होतो?

रागावलात तरी लोभ तोडू नये. जोडायला माणूस मिळत नाही.

अरफात


फलटण
२७ फेब्रुवारी

चि. अरफात यास दुआ.

नाकावरून चोर पकडलास. मास्तरांनी तीन मार्क कमीच दिले.

ऐक. १९९६चा एप्रिल. चाळीला नळ नव्हता. बायका रस्ता ओलांडून आपल्या गल्लीत कळश्या भरायला येत, आणि त्या रस्त्यावर तेव्हाही ट्रक होते. एक नवी सून होती, दिवस भरत आलेले. ती दगडापाशी घसरून पडली, मी चावी फिरवत होतो, मीच उचलली. मूल वाचलं. मी आमच्या ऑफिसात लाइन मागितली, ते म्हणाले चाळ पलीकडे. पलीकडे गेलो, ते म्हणाले पाणी तुमचं. तीन वेळा गेलो. चौथ्यांदा गेलो नाही.

एका कामाचे चाळीस फूट नळ उरले होते. दोन माणसं घेऊन भर दुपारी रस्ता खोदला. लपूनछपून नाही. आमचे साहेब स्कूटरवरून गेले, त्यांना वाटलं तिकडच्यांचं काम चाललंय. तिकडचे साहेब जीपमधून गेले, त्यांना वाटलं इकडच्यांचं. दोघांनीही मला हात केला. संध्याकाळी चाळीत पाणी आलं. ज्या हद्दीमुळे काम होत नव्हतं तिनेच ते झाकलं. तेव्हा फार हुशार वाटलो होतो. आता तीच हद्द तुझ्या खड्ड्यात बसली आहे.

त्या दिवशी घरी येऊन कसम घेतली, की एकदा केलं, पुन्हा एक मिनिटही इकडचं तिकडे करणार नाही. वीस वर्षं पाळली. मग सिताराने अर्धा तास मागितला. परक्यांसाठी मोडलेला नियम बहिणीसाठी कसा पाळतोस, हे तिने विचारलं नाही, कारण तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. म्हणून तिच्या तोंडाकडे बघता आलं नाही आणि मी साडेपाच म्हणालो.

लिहून देणार नाही. एकतीस वर्षांत माझ्या नावापुढे एक शेरा नाही. म्हातारपणी पहिला शेरा स्वतःच्या अक्षरात लिहू? पेन्शनवर बोट ठेवलं तर मेहजबीनच्या दारात भार होऊन बसू? रावसाहेबांना दुसरा मार्ग शोधायला सांग. येणारही नाही.

सिताराला यातलं काही कळता कामा नये. वाचून झालं की हे पत्र जाळ. माया आहे, आज मात्र मागू नकोस.

मैनुद्दीन


खड्ड्याशेजारच्या खाटेवरून
५ मार्च, बुधवार, दुपार

ती. बडेमामू यांस सलाम. वि. वि.

जाळायला गेलो होतो, अल्लाशपथ. काडी हातात होती. तेवढ्यात त्या पोपटवाल्याचा फोन आला, पोपट उडून गेला म्हणून रडत होता. त्याची समजूत काढता काढता पत्र शिलाईच्या टेबलावर राहिलं. परत आलो तर खालाने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कॉलर आखली होती आणि कातरायला घेतली होती. कात्री निम्म्यात थांबलेली. कापलेली कड दुमडली तेव्हा मागे तुमच्या अक्षरातलं तिचं नाव मधोमध कापलेलं दिसलं, म्हणून तिने कागद उलटून बघितला.

शेवटपर्यंत वाचलं. मग कापलेल्या दोन्ही कडा टाक्यांनी जोडल्या. कागदाला टाके, मामू. मी पाया पडायच्या बेतात होतो, ती म्हणाली काजं कर, बटणं राहिलीत. पहाटे सहरीला पराठा वाढताना म्हणाली, माझ्याकडे टँकर आला होता, लग्न झालं. त्यांच्याकडे टँकर कुठला? मग म्हणाली, पण सांगायचं ना त्याने, तोंडात काय सळई होती?

लिहून द्या असं मी आता सांगणार नाही. खाला म्हणाली त्याला सतावू नकोस, आपण आहोत. म्हणून आज सकाळपासून आम्ही दगडाभोवती बसलोय. खाला मशिनसकट बाहेर आली आहे, रस्त्यात शिवते आहे, वरून रोजा. वेणूबाई आणि अकरा घरच्या बाया पलीकडच्या बाजूला कळश्या पालथ्या घालून बसल्यात. रावसाहेब खुर्ची घेऊन बरोबर दगडावर, म्हणजे एक पाय इकडे, एक तिकडे. त्यांना उठवायला कोणत्या ऑफिसची परवानगी लागेल, असं त्यांनी गँगला विचारलं.

गँग बाराला आली. टोपण जमिनीवर ठेवलंय. तेजससाहेब फोनवर फोन करतायत. म्हणाले, अरफात, तीन वाजता पोलीस बोलवायला सांगतायत. मी म्हटलं बोलवा, फक्त कुठल्या चौकीचे बोलवायचे तेवढं ठरवा, हद्द बघून. आमच्या बाया हसल्या. साहेबही हसले, मग त्यांना आठवलं की हसायचं नाही. पण भीती वाटतेय, मामू. खालाच्या भिंतीतून आज सकाळी एक वीट निसटून अंगणात आली. टोपण बसलं तर ती वीट वाचते आणि वेणूबाईंचा नळ जातो. नाही बसलं तर खोली जाते. खाला पायडल मारतेय आणि भिंतीकडे बघत नाहीये.

तुम्हाला एवढंच कळवायचं होतं की आम्ही उठलेलो नाही. आणि पोपटाचं म्हणाल तर

थांबा. कोपऱ्यावर रिक्षा थांबली आहे. रिक्षाच्या बाहेर सळईचं टोक आलंय.

मामू, तुम्ही?

तुम्हाला हाका मारतोय, तुम्हाला ऐकू जात नाहीये. तुम्ही कुणाकडे बघितलंही नाहीत. घामेजलेल्या सदऱ्याच्या खिशातून कागदाची घडी काढून तेजससाहेबांच्या हातात दिलीत आणि चपला काढून सरळ खड्ड्यात उतरलात. सळई चिखलात रोवून दातांत धरलीत. वेणूबाईंनी तुमचं नाक बघितलं आणि डोक्यावर पदर घेतला.

आता हा कागद तुम्हाला खड्ड्यातच देतोय, म्हणून भरभर लिहितो, कारण तुमची पाठ आमच्याकडे आहे. तेजससाहेबांनी तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी नवे बूट काढून बाजूला ठेवले. गँगला टोपण गाडीत टाकायला आणि नळाला बसवायचं कडं आणायला सांगितलंय. म्हणाले, शेऱ्याचं काय होईल ते वरचे ठरवतील, पण लाइनची नोंद आज, माझ्या सहीने.

आणि खाला मशिन सोडून उठली आहे. तुमच्या मागे उभी आहे, हातात कात्री तशीच. तिने दोनदा भाईजान म्हणून हाक मारली, मग तुम्हाला ऐकू येत नाही हे आठवून मला म्हणाली, लिही, फुकट्या. ती सांगते तसं लिहितो. रोजा सहा बेचाळीसला सुटतो. शरबत घरी करून ठेवलंय, तडा गेलेल्या खोलीत, तिथेच बसून प्यावं लागेल. पाणी मिळेल, पण वेळेवर. अर्धा तास सोडाच, अर्धा मिनिटही आधी मिळणार नाही.

दोन फुटांवरून,
अरफात